पाऊस पडला की बूम बॅरिअर वरच अडकतो: लूप ओला असतानाच मोजा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवसांत ठरावीक फोन सुरू होतात. "गेटचा दांडा वर गेला तो खाली येतच नाही." कधी जिनिंगमधून, कधी डाळ मिलमधून, कधी रावेर-यावलकडच्या केळीच्या पॅकहाउसमधून. मी निघायच्या तयारीत असतो तोवर आणखी दोन दिवस उघडीप मिळते, जमीन वाळते आणि गेट आपोआप चालू होतं. लगेच दुसरा फोन: "राहू द्या, झालं नीट." आठ दिवसांनी पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. या फेऱ्यात कितीतरी चांगली डिटेक्टर कार्डं (गाडी आली-गेली हे ओळखून दांड्याला सांगणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं) काढून फेकली जातात. दोष जमिनीत असतो, पण वाळल्यावर तो लपतो, म्हणून आळ कार्डावर येतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत फिरून गेट आणि बॅरिअर बसवायचं, दुरुस्त करायचं हे माझं काम. या एकाच तक्रारीवर मी स्वतः एका पावसाळ्यात दोनदा चुकलो. तो प्रसंग नीट सांगतो, कारण तपासायची सगळी पद्धत त्यातच आली आहे.

लूप काय ओळखतो

रस्त्यात खाच पाडून तांब्याच्या वायरचे तीन-चार वेढे गाडलेले असतात, तो लूप. त्याची दोन टोकं कार्डाला जातात. कार्ड त्या वेढ्यांत साधारण २० ते १५० किलोहर्ट्झच्या दरम्यान कुठल्या तरी वारंवारतेवर प्रवाह खेळवत ठेवतं. वर गाडी आली की तिच्या धातूत उलटे प्रवाह तयार होतात, लूपचा इंडक्टन्स (वेढ्यांचा चुंबकीय गुण) किंचित कमी होतो आणि वारंवारता वाढते. कार्ड रिले (दांडा वर धरायला सांगणारा स्विच) ओढतं. गाडी गेली की वारंवारता जागेवर येते, रिले सुटतो आणि दांडा खाली येतो.

कार्डाला वजन कळत नाही, गाडी दिसत नाही. रिकाम्या लूपची वारंवारता त्याने लक्षात ठेवलेली असते आणि आत्ताची तिच्यापेक्षा किती वर आहे, एवढंच ते बघतं. बऱ्याच कार्डांवर सर्वात तीव्र सेटिंगला इंडक्टन्समधला ०.०२ टक्क्याच्या आसपासचा फरकही पुरतो. इतक्या बारीक फरकावर चालणाऱ्या वस्तूच्या वायरला जमिनीतली ओल लागली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

ओल वायरपर्यंत पोचली की वायर आणि जमीन यांच्यातला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढतो आणि वारंवारता खाली सरकते. कार्ड हळूहळू ही खालची पातळी 'रिकामा लूप' म्हणून धरून बसतं. मग ऊन पडतं, ओल उतरते, वारंवारता पुन्हा वर येते. कार्डाच्या हिशेबाने गाडी आली, आणि ती गाडी आता हलतच नाही. मध्ये लाइट जाऊन आली की कार्ड ही वरची पातळी 'रिकामा लूप' म्हणून लिहितं, आणि गेट आपोआप नीट झाल्यासारखं वाटतं.

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या ज्या जिनिंगची ही गोष्ट आहे, तिथल्या वॉचमन आप्पांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "भाऊ, पानी पडस तवलगून चालस. ऊन निंघनं का अडकस." मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, आप्पांचा काहीतरी घोटाळा होतोय, पावसातच अडकत असेल. त्यांनी आजाराचं अचूक लक्षण सांगितलं होतं. रोज बारा तास गेटवर बसणाऱ्या माणसाला आधी विचारा: नेमकं केव्हा अडकतं, पावसात की पावसानंतर, सकाळी की दुपारी, रिकाम्या ट्रॉलीला की भरलेल्या. निम्मं निदान तिथेच होतं.

पहिली चूक: कोरड्यात मोजलं

तिथे दोन वर्षांत तीन कार्डं बदलून झाली होती. लूप दुसऱ्या कोणीतरी घातलेला, दांड्याच्या बरोबर खाली, २ मीटर बाय १ मीटर, चार वेढे. मी गेलो तेव्हा पाऊस होऊन तीन दिवस झाले होते. कार्डातून लूपच्या दोन्ही वायरी काढल्या, मल्टिमीटर लावला, ०.८ ओहम. म्हणजे वायर तुटलेली नाही. मग मेगर (वायरच्या आवरणातून गळती आहे का हे मोजणारं मीटर) घेतला, ६० मेगओहम. चांगला आकडा. कार्डाच्या टर्मिनलचा एक स्क्रू ढिला होता, तो आवळला, सेन्सिटिव्हिटी एक पायरी उतरवली, माझी मोटरसायकल चारदा नेऊन पाहिली, दांडा नीट खाली आला. बिल केलं आणि निघालो.

अकराव्या दिवशी शेठचा फोन आला. बोलण्यात राग नव्हता, पण मला ऐकवेना.

इथे मेगरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नव्याने या कामात आलेली पोरं फक्त मल्टिमीटर घेऊन फिरतात. वायर तुटली की नाही एवढंच मल्टिमीटर सांगतो. वायरचं वरचं आवरण जमिनीला विद्युत-दृष्ट्या चिकटलंय का, हे कळायला ५०० व्होल्टचा मेगर लागतो. आधी लूपच्या दोन्ही वायरी कार्डातून काढायच्या. हे विसरलात तर ५०० व्होल्ट थेट कार्डात जातील आणि कार्ड खरंच जळेल. दोन्ही टोकं एकत्र पिळून मेगरच्या एका क्लिपला, दुसरी क्लिप अर्थला. पॅनेलच्या अर्थवर भरवसा नसेल (गावाकडच्या कित्येक केबिनमध्ये अर्थची हिरवी वायर नुसतीच लोंबत असते), तर लूपच्या शेजारी ओल्या जमिनीत हातभर सळई ठोका आणि तिला क्लिप लावा. मिनिटभर दाबून धरा. आकडा चढत जाऊन थांबला तर ठीक. खालीवर नाचत राहिला तर कुठेतरी ओल आहे.

नव्या लूपला १०० मेगओहमच्या वर आकडा यायलाच हवा. १० च्या खाली गेला की लूप संपला असं समजा. मधले आकडे फसवे असतात. माझी दुसरी चूक या मधल्या आकड्यातच झाली.

दुसरी चूक: अर्धाच दोष काढला

या वेळी मी मुद्दाम पाऊस चालू असताना गेलो. रेनकोट घालून केबिनमध्ये बसून मेगर घेतला: ०.४ मेगओहम. तीच वायर, तोच मेगर, कोरड्यात ६०. त्या दिवसापासून कोरड्यातला आकडा मी वहीत लिहितो, पण त्यावर निर्णय घेत नाही.

मग दोष लूपमध्ये आहे की फीडरमध्ये, म्हणजे लूपपासून केबिनपर्यंतच्या वायरीत, हे वेगळं करायचं. लूपची शेपटी (बाहेर काढलेली दोन टोकं) काँक्रीटच्या कडेपर्यंत येऊन पेव्हर ब्लॉकखाली शिरत होती. तिथला ब्लॉक पहारीने उचलला. खाली पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात जोड. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, बस्स. टेप सुटून जिलबीसारखी वेटोळी झालेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. नखाने खरवडलं तर हिरवी भुकटी बोटाला लागली. शेपटीला पीळही दिलेला नव्हता, दोन वायरी नुसत्या शेजारी शेजारी टाकलेल्या. त्याच पाइपातून बॅरिअरच्या मोटरची २३० व्होल्टची केबल आणलेली.

जोड कापला. फीडरची बाजू मोजली: ०.४. लूपची बाजू मोजली: १५ मेगओहम. मनात म्हटलं, दहाच्या वर आहे, चालेल. फीडर पूर्ण नवा टाकला, वेगळ्या पाइपातून, दर मीटरला वीस पीळ देऊन. जोड सोल्डर केला, वर गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, त्यावर रेझिन ओतून बंद केला. एकूण मेगर १५. गेट चालू. जुलै निघून गेला, फोन नाही. मला वाटलं, सुटलं.

ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी ऊन पडलं. आप्पांचा फोन: "भाऊ, हाई परत तसंच."

१५ मेगओहम ही बाद होत चाललेल्या लूपची खूण होती. चांगल्या लूपला पाण्यात बुडवलं तरी आकडा शंभराखाली येत नाही. आला तर आवरणाला कुठेतरी चीर आहे, आणि चीर स्वतःहून भरत नाही.

काळी माती काय करते

तिसऱ्या खेपेला मी लूपवर पाणी ओतून शोध घेतला. ही युक्ती सर्वांना कामाला येईल. उघडीप असली पाहिजे, वरचा भाग कोरडा असला पाहिजे. आधी कोरडा आकडा घ्यायचा. मग खाचेच्या एकाच बाजूवर बादलीने हळूहळू पाणी सोडायचं, ते खाचेत मुरू द्यायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मोजायचं. आकडा हलला नाही तर पुढची बाजू. घाई केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काही कळत नाही, म्हणून दोन बाजूंच्या मध्ये जुन्या गोणपाटाची किंवा ओल्या मातीची लहान पाळ घालायची. मी शेतात दारं धरतात तसा पाण्याला एकेक बाजू दाखवत गेलो. पहिल्या दोन बाजूंना आकडा ढळला नाही. तिसऱ्या बाजूवर दुसरी बादली ओतली आणि आकडा घसरत घसरत २ वर आला.

त्या बाजूला काँक्रीटच्या दोन पाट्यांमधला सांधा होता, आणि लूपची वायर त्या सांध्यावरून आडवी गेलेली होती.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. खाली पुरेसा मुरूम न भरता तिच्यावर काँक्रीट टाकलं तर पाट्या दर वर्षी वर-खाली होतात. डोळ्याला दिसत नाही इतकं, दोन-तीन मिलिमीटर. पण सांध्यावर गच्च बसवलेल्या वायरला दोन मिलिमीटरही खूप झाले. ती दर उन्हाळ्यात ताणली जाते, दर पावसात दाबली जाते आणि आवरण तिथेच फाटतं. मी ग्राइंडरने सांधा थोडा रुंद केला आणि बारीक छिन्नीने सीलंट काढलं. चार वेढ्यांपैकी वरच्या दोन वायरींचं आवरण एकाच जागी पांढुरकं होऊन चिरलेलं होतं. चीर नखाएवढी. एवढ्याशा चिरेने दोन वर्षं तीन कार्डं खाल्ली.

तिथला खाचेचा कोपराही मी बघून ठेवला. सरळ काटकोनात कापलेला. अशा कोपऱ्यात काँक्रीटची धार वायरला टेकते आणि ट्रॅक्टरच्या धक्क्याधक्क्याने आवरण झिजवते. तिथून अजून गळती सुरू झाली नव्हती, पण आज ना उद्या झाली असती.

या लूपला ठिगळ लावायचं नाही, असं मी शेठना सांगितलं आणि ते ऐकले. लूपच्या खाचेत मधे जोड कधीच देऊ नये. नवा लूप कापायचा तर पूर्ण कापायचा.

नवा लूप कसा घातला

गणपती गेल्यावर आठवडाभर चांगली उघडीप मिळाली. दसऱ्याच्या आसपास कापसाची आवक सुरू होते, एकदा ती सुरू झाली की गेट तासभरही बंद ठेवता येत नाही. म्हणून त्या आठवड्यात काम उरकलं.

सर्वांत आधी जागा बदलली. दांड्याखालचा सांधा सोडून लूप पूर्णपणे एकाच पाटीत बसेल असा दीड फूट पुढे सरकवला. सांधा ओलांडल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर सांध्यापाशी दोन्ही बाजूंनी खाच रुंद करून वायरला थोडी ढील ठेवायची, वर लवचिक स्लीव्ह चढवायची आणि ती जागा मऊ सीलंटने भरायची. पण टाळता आलं तर टाळाच. नवी गेटची जागा बांधत असाल तर मालकाला आधीच सांगा: खाली दीड-दोन फूट मुरूम ठोकून घ्या आणि लूपची पाटी सलग ओता. काँक्रीट ओतायच्या आधी पाइपात वायरचे वेढे तयार करून बसवले तर खाच पाडायची वेळच येत नाही. फक्त सळ्यांच्या जाळीपासून किमान ५ सेंटिमीटर वर ठेवा आणि वायरीने जाळीला बांधू नका. जाळी जवळ आली की लूपची पकड कमी होते.

मापही बदललं. जुना लूप गाडीच्या दिशेने १ मीटर होता. लूप साधारण त्याच्या आखूड बाजूच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश उंचीपर्यंत धातू ओळखतो. १ मीटरच्या लूपला ५० ते ६५ सेंटिमीटरपर्यंत कळणार. कापसाच्या ट्रॉलीचा पत्रा त्याहून बराच उंच असतो आणि ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या मध्ये नुसता जोडदांडा. ट्रॅक्टर पुढे सरकला, ट्रॉलीचं चाक अजून लूपवर आलं नाही, तेवढ्या क्षणात कार्ड म्हणतं 'गाडी गेली', आणि दांडा खाली येऊन कापसाच्या ढिगात घुसतो. आमच्याकडे हा प्रकार सर्रास होतो. म्हणून मी २ बाय १.५ मीटर घेतला. शिवाय कार्डावर गाडी सापडल्यावर संवेदना आपोआप वाढवणारा स्विच असतो तो चालू केला, आणि रिले सुटायला दोन सेकंदांचा उशीर दिला.

वेढ्यांचा हिशेब असा केला. लूपची परिमिती मीटरमध्ये, तिला ०.८२ ने गुणायचं, मग वेढ्यांच्या संख्येचा वर्ग अधिक तीच संख्या, याने गुणायचं. इंडक्टन्स ढोबळमानाने मायक्रोहेन्रीत येतो. परिमिती ७ मीटर, चार वेढे: ०.८२ गुणिले ७ गुणिले २०, म्हणजे ११५ च्या आसपास. फीडरचे पाच-सहा वाढतात. बहुतेक कार्डांना १०० ते ३०० मध्ये छान चालतं. तीनच वेढे दिले असते तर ६९ वर आलं असतं. चाललं असतं कदाचित, पण कडेवर.

खाच ६ मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर खोल. चारही कोपरे तिरके, साधारण २० सेंटिमीटरचा छेद देऊन. पाण्याच्या धारेवर कटिंग केलं, नंतर जिनिंगच्याच कॉम्प्रेसरने खाच फुंकून काढली. पहिल्यांदा गाळ उडाला, दुसऱ्यांदा पाणी, तिसऱ्यांदा नुसती धूळ. मग गॅसची ज्योत खाचेच्या वरून हलकेच फिरवली आणि दुपारचं ऊन खाऊ दिलं. खाच ओली असताना सीलंट ओतलं तर ते काँक्रीटला धरत नाही, पुढच्या पावसात कडेने सुटतं आणि पुन्हा पाण्याला वाट मिळते. बोट फिरवून बोटाला ओल लागत नाही, तोवर वायर हातात घ्यायची नाही.

वायर १.५ चौरस मिलिमीटर, बारीक तारांची, क्रॉस-लिंक्ड आवरणाची. घरात वापरायची साधी पीव्हीसी वायर इथे नको. तिचं आवरण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते, तर काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० च्याही वर. वर उकळतं डांबर ओतलं तर दीडशे अंशांच्या पुढचा चटका बसतो, आवरण तिथेच वितळून वेढे एकमेकांना चिकटतात. डांबराची दुसरी अडचण खानदेशी उन्हाची: ते मऊ होतं, ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून वर निघतं आणि वायर उघडी पडते. मी दोन भागांचं पॉलियुरेथेन सीलंट वापरतो. महाग आहे, पण खाच पुन्हा कापायच्या खर्चापेक्षा स्वस्त.

वायर खाचेत बसवताना स्क्रूड्रायव्हरने दाबायची नाही. लाकडाची चपटी पट्टी घ्यायची. आप्पांनी कडुनिंबाची एक फांदी सोलून, घासून दिली, तीच वापरली. लूपपासून थेट कार्डापर्यंत अखंड वायर ठेवली, मध्ये एकही जोड नाही. चार वेढ्यांना २८ मीटर, शेपटी जाऊन-येऊन १६ मीटर. सीलंट ओतायच्या आधी एकदा मेगर घेतला, ओतून घट्ट झाल्यावर पुन्हा घेतला. आधी घेणं फार महत्त्वाचं, कारण बसवताना एखादी वायर सोलली गेली असेल तर ती तेव्हाच काढता येते.

शेपटीचा पाइप गोदामाच्या कडेने जाणार होता. सरकीच्या गोदामापाशी घुशी असणारच, आणि वायरचं आवरण त्यांना आवडतं. म्हणून तेवढ्या भागात जाड जीआय पाइप टाकला आणि दोन्ही तोंडं बंद केली.

तपासणी

मल्टिमीटरवर ०.६ ओहम. ४४ मीटर वायरला एवढंच यायला हवं. १ ओहमच्या वर गेलं असतं तर स्क्रू किंवा लग बघावा लागला असता. कोरड्यात मेगर ५०० च्या पलीकडे. मग दोन ड्रम पाणी पूर्ण लूपवर सोडलं, अर्धा तास चहा घेतला, पुन्हा मोजलं: २०० च्या वर. तेव्हा कुठे वायरी कार्डाला लावल्या.

कार्ड चालू करताना लूपवर आणि आजूबाजूला काही उभं नाही ना, हे बघून घ्या. मग एकेक वाहन. मी नेहमी चार वाहनं नेतो: मोटरसायकल लूपच्या मधून नव्हे, कडेच्या वायरीवरून, कारण तिथे ती सर्वात चांगली कळते आणि मधून निसटू शकते. रिकामी ट्रॉली. भरलेली ट्रॉली. आणि उंच ट्रक, अगदी गोगलगायीच्या चालीने, मध्ये एकदा थांबवून. दहा मिनिटं ट्रक लूपवर उभा ठेवला. दांडा वरच राहिला पाहिजे. काही कार्डांवर ठरावीक वेळानंतर गाडी विसरायची सेटिंग असते. गेटसाठी ती बंद ठेवा, नाहीतर वजनाच्या रांगेत अडकलेल्या ट्रॉलीवर दांडा येईल.

बैलगाडीचं वेगळं सांगतो. आता फार कमी येतात, पण येतात. लूपला बैल कळत नाहीत. माणूसही कळत नाही. गाडीची लोखंडी चौकट लूपवर येईपर्यंत बैल दांड्याखाली असतात. म्हणून लूप कितीही चांगला असला तरी दांड्याच्या रेषेत फोटोसेल (प्रकाशाची तिरीप कोणी अडवली की कळवणारा) लावाच, आणि त्याची वायर दांडा उतरू न देणाऱ्या टर्मिनलवर घ्या. लूप म्हणजे सुरक्षा झाली असं समजून फोटोसेल वाचवणाऱ्या मालकाला मी स्पष्ट नाही सांगतो. दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, तो दांडा कोणाच्या डोक्यात पडू नये.

सारखंच दिसणारं, पण वेगळं

गेट चुकतं म्हणजे दर वेळी ओलच, असं नाही. पाऊस नसताना, विशेषतः लाइट गेल्या-आल्यावर गेट चुकत असेल तर आधी ही शक्यता बघा. लाइट गेली तेव्हा ट्रॅक्टर लूपवर उभा होता. लाइट आली, कार्डाने त्या क्षणीची वारंवारता 'रिकामी' म्हणून लिहिली, म्हणजे ट्रॅक्टर त्याच्या लेखी नाहीच. दांडा ट्रॅक्टरवर येऊ शकतो. उपाय एकच: कार्डाला बॅटरीचा आधार द्या. कार्डाची भूक फार लहान असते, छोटी बॅटरी पुरते. ते जमेपर्यंत, लाइट आल्यावर लूप मोकळा करून मगच कार्ड रीसेट करायचं, एवढं वॉचमनला शिकवा.

आत आणि बाहेर जाण्याचे दोन लूप शेजारी असतील आणि एकावर गाडी आली की दुसराही बोलत असेल, तर दोघांची वारंवारता जवळ जवळ आहे. एका कार्डाचा डिप स्विच (वारंवारता बदलणारा छोटा खटका) बदला, दोन मिनिटांचं काम. सरकणाऱ्या लोखंडी गेटच्या फार जवळ लूप असेल तर गेटच लूपला गाडी वाटतं. मीटरभर अंतर पाहिजे. आणि पॅनेलमध्ये टर्मिनलच्या अलीकडे वायरचा पीळ उलगडून हातभर मोकळी सोडलेली असेल तर ती गुंडाळून ठेवू नका, कापून आखूड करा.

जिनिंगच्या पॅनेलच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवून आलो आहे: तारीख, ओहम, कोरडा मेगर, ओला मेगर, वेढे, माप, सेन्सिटिव्हिटीची पायरी, डिप स्विचची स्थिती. पुढे जो कोणी येईल त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मी स्वतःहून जाऊन त्याच कागदावर दुसरी ओळ लिहिली: ओला मेगर २०० च्या वर. गेट त्या दिवशीही नीट चालत होतं, ऊन पडल्यावरही.

बाहेर जाण्याच्या बाजूचा लूप मात्र अजून जुनाच आहे. ओल्यात मोजला तर ३० मेगओहम. आता मला तो आकडा चांगला वाटत नाही. एप्रिलमध्ये, कापूस संपल्यावर, सकाळच्या उन्हात तोही कापायचा ठरलाय. आप्पांनी फांदी जपून ठेवली आहे.